जिभेवरचं पांढरं

फुलपाडा, विरार (पूर्व)
मंगळवार, १८ फेब्रुवारी १९९७

आई,

'तीर्थरूप' दोनदा लिहून दोनदा खोडलं, तेव्हा तसंच वाच. तुझी आठवण आली म्हणून पत्र लिहीत नाहीये, काम आहे म्हणून लिहितेय.

वेदांतच्या जिभेवर पांढरं आलंय. सासूबाई म्हणतात दूध जमलंय, सगळ्याच पोरांना जमतं. मलाही आधी तसंच वाटलं. पण पाजायच्या आधी बघितलं तरी ते तिथे असतंच. परवापासून गालाच्या आतूनही कवडी दह्यासारखे ठिपके दिसायला लागलेत. दोन घोट घेतो, सोडतो, किंचाळतो, पुन्हा धरतो. सव्वा महिन्याचं पोर, पण रडताना आख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतं.

तू अठ्ठावीस वर्षं सरकारी उपकेंद्रात नर्स होतीस. गिरीजची निम्मी पोरं तुझ्या हातावर जन्मली. म्हणून विचारतेय. हे काय असतं आणि त्याला काय लावायचं, एवढंच कळव.

बारशाबद्दल काही लिहू नकोस. मला सगळं लख्ख आठवतंय. तू पाळण्याशेजारी साबण आणि गरम पाणी घेऊन बसलीस, आणि अंगठीने मध चाटवायला येणाऱ्या एकेकीला "आधी हात धुवा" म्हणत राहिलीस. सुजयच्या मावशी चिपळूणहून मुद्दाम आलेल्या, त्या तोंड फुगवून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मग मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आई, इथे तू नर्स नाहीस, पाहुणी आहेस. पाहुण्यासारखी बस." बोलले ते बोलले. पण तू न जेवता पिशवी उचलून निघून गेलीस, ते बरोबर होतं का?

जाऊ दे. माझे टाके पिकले होते, ते गोळ्यांनी भरले. मी ठीक आहे.

क्षितिजा


मंगळवार, २५ फेब्रुवारी

आई,

आठ दिवस झाले. गिरीजहून फुलपाड्याला बस बदलून यायचं म्हटलं तरी तासा-दीड तासाची वाट, आणि तुला चार ओळी लिहायला आठ दिवस पुरत नाहीत? पोस्टमनला मी रोज विचारते. आता तो मला बघितलं की आपणच मान हलवतो.

सासूबाईंनी टाकणखाराची लाही करून मधात कालवली आणि फडक्याने त्याची जीभ पुसली. "नीट घासल्याशिवाय निघायचं नाही," म्हणाल्या. निघालं थोडं, पण खालून रक्त आलं. तो रडून रडून लाल झाला आणि त्या स्वतःच घाबरून देवापाशी दिवा लावायला गेल्या. मला ओरडायलाही कुणी उरलं नाही.

मग सुजय त्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी टॉर्चने बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि लाल औषध दिलं, अँटिबायोटिक. त्याने जुलाब सुरू झाले आणि तोंडातलं पांढरं आणखी वाढलं. सुजय म्हणतो, "डॉक्टर आहेत, त्यांना कळत असेल ना?" मला हल्ली या वाक्याचाच संताप येतो. सगळ्यांना सगळं कळतं, आणि पोरगं मात्र उपाशी.

तुला राग माझ्यावर आहे ना? मग त्याच्यावर काढू नकोस.

मी ठीक आहे.

क्षितिजा


बुधवार, ५ मार्च

आई,

तुझं आंतर्देशीय शनिवारी मिळालं. वाचलं, आणि असं वाटलं की फाडून फेकावं.

पत्र आहे का ते? एक, दोन, तीन असे आकडे घालून सूचना. एक, ही बुरशी आहे, पाव फुगवायला ताडी घालतात तिच्यात असते तिच्याच जातीची, दूध नव्हे. दोन, घासायचं नाही. तीन, टाकणखार, मध, लाल औषध आजपासून बंद. चार, वसईच्या डॉ. मार्गारेट आता विरारला बसतात, त्यांना दाखव. पाच, बाळाच्या तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू उकळून घे. सहा, कपडे कडक उन्हात वाळव. आणि खाली सही 'लीला'. मुलीला लिहिलेल्या पत्रावर कोणी 'लीला' अशी सही करतं? ना आशीर्वाद, ना नातवाला पापा. उपकेंद्राच्या भिंतीवर असा कागद चिकटवलेला असायचा, अगदी तस्सा.

आणि सगळ्यात वैताग कशाचा, तर सगळं बरोबर निघालं.

सोमवारी गेले मी मार्गारेटबाईंकडे. त्यांनी तोंडात बघितलं आणि लगेच म्हणाल्या, बुरशी. मी विचारलं, कशामुळे? खरं सांगू, मला कुणाचं तरी नाव हवं होतं. मधाची अंगठी, मावशी, टँकरचं पाणी, कुणीही चाललं असतं. तर त्या म्हणतात, "अगं, ती आपल्या सगळ्यांच्याच अंगात असते. बाळाला बहुतेक जन्मतानाच तुझ्याकडून मिळाली असेल. वर टाक्यांसाठी तू गोळ्या खाल्ल्यास, त्याला लाल औषध पाजलंत. त्यांनी चांगले जंतू मेले, हिला रान मोकळं मिळालं. कुणाची चूक शोधत बसू नकोस." म्हणजे भांडायलाही जागा नाही! मधाला मात्र वर्षभर हात लावायचा नाही म्हणाल्या. ते वेगळ्या कारणासाठी, पण नाहीच.

जांभळं औषध दिलंय, जेन्शन व्हायोलेट. उकळून गार केलेलं पाणी त्यात निम्मं घालायचं, काडीला कापूस गुंडाळायचा आणि पाजून झाल्यावर दोन वेळा लावायचं. ओठ, हनुवटी, दुपटी, माझी बोटं, सासूबाईंची पांढरी उशी, सगळं जांभळं झालंय. शेजारच्या ग्रेसीबाई विचारतात, "काय गं, धुळवड आत्ताच खेळलात की काय?" सासूबाईंना ते चेष्टेत घेता आलं नाही. पोराचं तोंड निळं पडलंय अशी बिल्डिंगभर बोंब होईल म्हणून त्यांनी गॅलरीत त्याला न्यायचं बंद केलंय.

मार्गारेटबाईंनी विचारलं होतं, "तुला काही त्रास?" मी नाही म्हटलं.

क्षितिजा


गुरुवार, १३ मार्च

आई,

चार दिवस जीभ गुलाबी दिसली. मी वेड्यासारखी ग्रेसीबाईंना बोलावून दाखवली. पाचव्या दिवशी पुन्हा तेच पांढरं.

मी सगळं केलं. घासलं नाही. मध नाही, टाकणखार नाही. वाटी-चमचा वीस वीस मिनिटं उकळते, गॅस संपला म्हणून सुजय कुरकुरला तरी उकळते. औषध वेळेवर लावते. मग का? तुझ्या यादीत हे कुठे आहे सांग. सातवा आकडा घालायला विसरलीस का?

आज वजन केलं. तीन किलो सहाशे. पंधरा दिवसांपूर्वीही तेवढंच होतं. जन्मला तेव्हा दोन किलो नऊशे होता, म्हणजे दोन महिन्यांत सातशेच ग्रॅम.

घरी आले तर टेबलावर पावडरचा डबा. सासूबाई म्हणाल्या, "तुझं दूध नासलंय. नासलेलं दूध पोटात गेल्यावर तोंड येणारच. पाडव्यापर्यंत बघू. वजन वाढलं तर ठीक, नाहीतर अंगावरचं बंद करायचं आणि हा डबा सुरू." सुजय टीव्ही बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आई काय वाईटासाठी सांगते का?"

मला डबा नको आहे गं. डब्यावर वाढलेली पोरं काय वाढत नाहीत? वाढतात. पण माझं दूध नासलंय म्हणून डबा, हे मला नको. आणि इथे पाणी एक दिवसाआड, तेही टँकरचं. त्यात बाटल्या धूत बसायचं आणि त्याला आणखी काही झालं की पुन्हा माझ्याच नावाने खडे फोडायचे.

हल्ली तो प्यायला लागला की मी खिडकीच्या गजाला घट्ट धरून बसते. संपलं की सोडते.

पाडवा आठ एप्रिलला आहे. आता काहीतरी नीट लिही. आकडे घाल हवे तर.

क्षितिजा


मंगळवार, १८ मार्च

आई,

तुझं कार्ड मिळालं. सबंध पोस्टकार्डावर एक ओळ: "खिडकीचा गज कशाला धरतेस?"

वाचून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. मग आठवलं, पाणी जाईल, म्हणून नळ बंद करून रडले.

लिहिते आता. दुखतं. दुखतं हा शब्द पुरत नाही. तो तोंड लावतो आणि आत तिखट भरल्यासारखी आग होते, पाठीपर्यंत जाते. पिऊन झाल्यावरही अर्धा तास जात नाही. बोंडं लालबुंद, चकचकीत झालीत, चिरा पडल्यात, कपडा लागला तरी जीव जातो. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्याही चार दिवस आधीपासून आहे हे. आधीच्या पत्रांत 'मी ठीक आहे' लिहिलं ते धडधडीत खोटं.

का नाही सांगितलं? कुठे सांगू? एक खोली आणि एक स्वयंपाकघर. सुजयला सांगितलं तर तो आईला सांगणार. सासूबाईंना सांगितलं तर 'बघ, दूध नासलंय म्हणाले होते ना' हेच ऐकायचं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरसमोर ब्लाउज काढायचा? तो सुजयबरोबर क्रिकेट खेळतो. मार्गारेटबाईंनी विचारलं तेव्हा सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. आणि तुला सांगितलं असतं तर... तुला तर मी पाहुणी ठरवून बसले होते.

आणखी एक सांगते, हसू नकोस. कपडे उन्हात वाळव असं तू लिहिलंस. दुपटी वाळवते उन्हात. पण माझे आतले कपडे बाथरूमच्या दारामागे, वर टॉवेल टाकून वाळत घालते. लग्न झाल्यापासून असंच. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, गॅलरी रस्त्यावर आहे, समोर पिठाची गिरणी, पुरुष उभे असतात. दमट असले तरी तसेच घालते. वर दुधाने भिजलेले. ते कधी सुकतच नाहीत.

हे सगळं लिहिताना सुद्धा मान खाली गेली बघ. बाळंतपणात तू माझं सगळं बघितलंस, तरी.

उद्या एकटीच जाते डॉक्टरांकडे.

क्षितिजा


शनिवार, २२ मार्च

आई,

बुधवारी गेले. वेदांतला घेऊन एकटी गेले, सासूबाईंना भाजी आणते म्हणून थाप मारली. मार्गारेटबाईंनी बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, त्याची तुला आणि तुझी त्याला! एका ताटात दोघं जेवताय आणि हात एकाचेच धुताय. त्याचं तोंड साफ केलं की पुढच्या पाजण्याला तू परत देतेस." म्हणजे महिनाभर मी लपवत होते तेच त्याला परत परत होत होतं. माझ्या खोटेपणाने माझं पोर उपाशी राहिलं. हे मला अजून पचत नाहीये.

दूध नासत नसतं, म्हणाल्या. अजिबात नाही. पाजणं थांबवायचंही नाही. जांभळं औषध दोघांनाही एकाच वेळी, त्याला निम्मं पाणी घालून, मला तसंच. दिसायचं बंद झालं तरी आणखी थोडे दिवस, पण त्या सांगतील तेवढेच, जास्त लावलं तर तोंड सोलवटतं. पाजून झालं की अंग कोरडं होऊ द्यायचं, भिजलेलं काही अंगाला ठेवायचं नाही. आणि कपडे उन्हात. उन्हात म्हणजे उन्हात, क्षितिजा, असं दोनदा म्हणाल्या. यांना कुणी सांगितलं, कोण जाणे.

गुरुवारी सकाळी मी सगळं धुतलं आणि गॅलरीत दोरीवर घातलं. ब्रेसियर, ब्लाउज, सगळं, वर टॉवेल नाही. सासूबाई आल्या, बघितलं. काढायला हात वर केला. मी म्हणाले, "हात लावू नका." आवाज चढलाच माझा. "दूध नासलेलं नाही. मला बुरशी झालीय, हे बघा." आणि दार लोटून ब्लाउज उघडून दाखवला. जांभळं, चिरलेलं, सगळं. आता यापुढे काय लाज धरायची!

त्या बघतच राहिल्या. मग पलंगावर बसल्या. मला वाटलं, आता सुजयला बोलावतील.

म्हणाल्या, "मला असंच झालं होतं." सुजयच्या वेळी, चिपळूणला. त्याचंही तोंड असंच पांढरं, आणि त्यांना अशीच आग. त्यांच्या सासूने सांगितलं, हिचं दूध नासलंय. कडुनिंबाचा पाला वाटून अंगाला लावला, म्हणजे पोर तोंड लावणार नाही. सुजय दोन महिन्यांचा. गाईच्या दुधात पाणी घालून वाढवला. ह्या मागच्या पडवीत जाऊन दूध पिळून नारळाच्या आळ्यात टाकायच्या. "सहा-सात दिवस येत होतं गं," म्हणाल्या. "तीस वर्षं मला वाटतंय, माझ्यातच काहीतरी खराब आहे."

मी चिडून म्हणाले, "मग मला का नाही सांगितलंत?"

"मला तरी कोणी सांगितलं?" म्हणाल्या.

आई, मला त्यांचा एवढा राग आला होता, तो ठेवू कुठे ते कळेना. पुढच्या पाजण्यानंतर सासूबाईच वेदांतला मांडीवर घेऊन बसल्या आणि काडीला कापूस गुंडाळून माझ्या हातात दिली. बोटं जांभळी झाली तर पदराला पुसली, चांगल्या साडीच्या. सुजय डबा परत करायला केमिस्टकडे गेला होता, तो घेतला नाही म्हणून चिडून आला. सासूबाई म्हणाल्या, "तूच पी."

क्षितिजा


बुधवार, २६ मार्च

आई,

आज वजन केलं. तीन किलो आठशे तीस. जीभ स्वच्छ. मला अजून थोडी आग होते, पण गज धरावा लागत नाही. काल प्रथमच तो पिताना मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. इतके दिवस भिंतीकडेच बघत होते.

आता दुसरं. मार्गारेटबाईंनी वहीत वजन लिहिलं आणि कंपाउंडर जयरामला म्हणाल्या, "हा आकडा चिठ्ठीवर लिहून ठेव, लीलाताई येतील." मी म्हटलं, कोण लीलाताई? त्यांनी वही मिटली. जयराम मात्र बोलून बसला, "ह्यांच्या आई हो, गिरीजच्या. मंगळवार-शुक्रवार येतात ना."

मंगळवार-शुक्रवार! मग मी दवाखान्यातच ठाण मांडून बसले आणि सगळं काढून घेतलं. चार मार्चपासून तू येतेयस. दोन बस बदलून येतेस, बाकावर बसतेस, आकडा विचारतेस आणि परत जातेस. मी एकटी जाण्याआधीच तू त्यांना सांगून ठेवलं होतंस की हिची छाती बघा, ती स्वतःहून सांगणार नाही, आणि कपड्यांचंही बघा. आणि गेल्या शुक्रवारी म्हणे आमच्या बिल्डिंगसमोर गिरणीपाशी उभी राहून वर बघून गेलीस. बाईंना सांगितलंस, "आता कपडे उन्हात दिसले, आता बरी होईल."

तिथे, त्या पिठाच्या धुरळ्यात उभी राहिलीस तू. वर मी होते. दोन जिने, आई! दोन जिने चढायला काय झालं होतं तुला? गुडघे दुखत होते? की मी पाहुणी म्हणाले म्हणून? एवढा कसला ताठा? आणि मी तरी काय, रोज गॅलरीत उभी राहते, गिरणीकडे एकदा नीट बघितलं असतं तर दिसली असतीस. संताप संताप झाला माझा, तुझ्यावर आणि माझ्यावरही. रिक्षात बसून रडले. वेदांत माझ्या तोंडाकडे टकामका बघत होता.

चुकलं माझं. बारशाला चार बायकांसमोर तुझा अपमान केला आणि मग तुझ्याच जिवावर पोर बरं करून घेतलं. तू बरोबर होतीस म्हणून माफी मागत नाहीये. तू चुकली असतीस तरी मी तसं बोलायला नको होतं. हे मला पहिल्याच पत्रात लिहायचं होतं. हिंमत झाली नाही.

आता चिठ्ठ्या, आकडे, पोस्टकार्डं पुरे. रविवारी आम्ही येतोय, मी आणि वेदांत. सासूबाईही येते म्हणतायत, तुला काहीतरी विचारायचंय त्यांना, तीस वर्षांपूर्वीचं. रविवारी ईस्टर आहे, बसला गर्दी असेल, वगैरे लिहू नकोस, रिक्षा करू. पोचायला अकरा वाजतील. बाबांना सांग वाडीत जाऊ नका.

तू दार उघडलं नाहीस तर मी परत जाणार नाही. बाहेर ओट्यावर मांडी घालून बसेन आणि तिथेच पाजीन, पदर न घेता. चर्चहून परतणारं सगळं गिरीज बघू दे. तुला लाज वाटली तर आत घे.

क्षितिजा